पक्षाघात आणि कामगाराचे घड्याळ

डॉक्टर नसलेल्या माणसाने रोगावर व्याख्यान द्यावे हे चमत्कारिक आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकापाशी, सार्वजनिक वाचनालयात आणि शब्दकोश उशाशी घेऊन. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा बोनस किंवा कंत्राटी कामगार असे काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही पक्षाघात सांगितला. तीस वर्षे आम्ही कामाच्या तासांवरून भांडत आलो आणि या रोगावरचे अलीकडचे संशोधन वाचू लागलो, तो त्यातही पानोपानी तासांचाच हिशेब!

वाचनाचे निमित्त असे घडले. २०१४ च्या पावसाळ्यात एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला आमचे एक सभासद लेथवर काम करता करता मटकन खाली बसले. त्यांना आपण येथे भाऊ म्हणू. तोंड वाकडे, बोलणे अडखळते, उजवा हात लोंबता. पाळीवरच्या साहेबांनी ठरविले की हा पिऊन आला आहे. भाऊ माळकरी, उभ्या जन्मात थेंबाला शिवले नव्हते. सोबत्यांनी त्यांना कपडे बदलण्याच्या खोलीत बाकावर निजविले, पाणी पाजले, झोप झाली की उतरेल म्हणून सोडून दिले. पाळी सुटली तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले की हे उतरणारे नव्हे. पहिल्या दवाखान्यात मेंदूचे चित्र घेण्याचे यंत्र नव्हते. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत रात्रीचा दीड वाजला. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “यांना शेवटचे धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिले?”

कोणासच सांगता येईना. शेवटी आम्ही जॉबकार्ड मागविले. त्यावर भाऊंच्या हातची शेवटची नोंद ६ वाजून ४० मिनिटांची होती. डॉक्टरांनी मनाशी बेरीज केली आणि मान हलविली. त्या मान हलविण्याचा अर्थ समजून घेण्यात आमचे पुढचे वर्ष गेले.

आपल्याकडे अंगावरून वारे गेले असे म्हणतात. अर्धांगवायू हा शब्दही त्यातलाच. शब्द फसवा आहे; कारण मग इलाज अंगावर होतो. कोणी तेलाने मालीश करतो, कोणी कबुतराचे रक्त चोळतो. वस्तुतः हातापायाला काहीच झालेले नसते. बिघाड मेंदूत असतो, आणि तोही बहुधा उलट्या बाजूस. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की उजवे अंग जाते. बहुतेकांची वाचाही डावीकडेच असल्यामुळे बरोबर तीही जाते. पुरवठा दोन प्रकारांनी तुटतो. एक तर धमनीत रक्ताची गुठळी अडकते. किंवा धमनी फुटून रक्त मेंदूत पसरते. नळ तुंबणे आणि नळ फुटणे यांत जो फरक तोच हा. तुंबण्याचे प्रमाण पुष्कळच अधिक आहे.

बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही, आणि सारी मेख येथेच आहे. गुठळी विरघळविणारे औषध फुटलेल्या धमनीच्या रोग्यास दिले तर तो दगावेल. म्हणून आधी सीटी स्कॅनचे चित्र. या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी घेतले गेले. ते बनविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि त्यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे वाचून आम्हांस जो आनंद झाला तो श्रोत्यांनी क्षम्य मानावा.

गुठळी विरघळविण्याच्या औषधाचा निर्णायक प्रयोग अमेरिकेत झाला व १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६२४ रोगी होते. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत, तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण, न मिळालेल्यांहून निदान ३० टक्क्यांनी अधिक भरले. औषध निर्धोक नव्हे. त्याच प्रयोगात औषध घेतलेल्यांपैकी शंभरी सहाहून थोड्या अधिक रोग्यांच्या मेंदूत घातक रक्तस्राव झाला. इतरांत शंभरी एकही नाही. तरीही गोळाबेरीज फायद्याचीच ठरली. पुढे २००८ साली युरोपातील प्रयोगाने तीन तासांची मुदत साडेचार तासांवर नेली.

भाऊंची मुदत रात्री ११ वाजून १० मिनिटांनी संपली होती. पाळी त्यानंतर सुटली.

मुदत का असते याचाही हिशेब झालेला आहे. जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली मांडले की, मोठी धमनी तुंबल्यावर दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणजे तासाला सुमारे साडेअकरा कोटी. साहेबाची परवानगी, गेटपास आणि गाडीचा ड्रायव्हर जेवायला गेलेला असणे, या प्रत्येकाची किंमत या दराने मोजून पाहावी.

मोठी गुठळी औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. तिच्यासाठी निराळी युक्ती निघाली आहे. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत सरकवितात आणि तारेच्या जाळीत गुठळी पकडून बाहेर ओढतात. २०१५ साली या उपायाचे पाच प्रयोग एकामागून एक प्रसिद्ध झाले. पहिला नेदरलँड्समधील, ५०० रोग्यांचा. नेहमीच्या उपचाराने शंभरांतील १९ रोगी स्वतःच्या पायावर उभे राहिले होते, या युक्तीने ३३. अशा कामात चौदा माणसांचा फरक लहान नव्हे. २०१८ मध्ये आणखी एका प्रयोगात झटक्यानंतर ६ ते २४ तासांत आलेले रोगी घेतले. त्यांत हाच फरक शंभरी १३ विरुद्ध ४९ इतका पडला.

हा शेवटचा आकडा आम्ही एका द्वारसभेत सांगितला, तेव्हा मागून आवाज आला, “म्हणजे चोवीस तास आहेत की!” नाहीत. त्या प्रयोगातील रोगी चाळणी लावून निवडलेले होते. धमनी तुंबली असूनही ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर तग धरून आहे असे चित्रात दिसले, तेवढेच घेतले. आपला माणूस त्यांत बसेल की नाही हे घरी बसून कळत नाही. शिवाय ही सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच आहे.

म्हणून जे सोबत्याने करावयाचे ते थोडे आहे, पण लगेच करावयाचे आहे. माणसाला हसावयास सांगावे, दोन्ही हात वर करावयास सांगावे, एखादे वाक्य म्हणावयास सांगावे. तोंड एका बाजूस ओघळले, एक हात खाली आला किंवा बोबडी वळली, की १०८ ला फोन करावा आणि स्कॅनचे यंत्र जेथे आहे तेथेच न्यावे. शेवटी धड कधी दिसला ती वेळ कागदावर लिहावी. तो झोपेतून उठतानाच असा असेल, तर घड्याळ झोपण्याच्या वेळेपासून धरतात. पाणी किंवा चहा पाजू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि पाणी फुप्फुसात उतरते. भाऊंना पुढे न्यूमोनिया झाला, तो त्या पाण्याने की काय हे आता कोण सांगणार? स्कॅनच्या आधी अ‍ॅस्पिरिनची गोळीही देऊ नये.

कधी कधी हात बधिर होतो, जीभ अडखळते आणि दहा मिनिटांत सारे ठीक होते. कामगार हसतो आणि पुन्हा यंत्रावर उभा राहतो. ही आगाऊ नोटीस असते. ऑक्सफर्ड येथे २००७ साली असे रोगी त्याच दिवशी तपासून औषधे सुरू करण्याची पद्धत पाडली, तेव्हा पुढील नव्वद दिवसांत मोठा झटका येण्याचे प्रमाण शंभरी दहावरून दोनवर आले. औषधे तीच, जुनी आणि स्वस्त. फक्त ती लवकर दिली.

आता झटका मुळात का येतो ते पाहू. ३२ देशांतील सुमारे २७ हजार माणसांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. दहा कारणांत जवळजवळ नऊदशांश हिशेब संपतो, आणि त्यांत वाढलेला रक्तदाब एकटाच निम्म्याच्या आसपास भरतो. बाकी धूम्रपान, मधुमेह, बैठे जिणे, दारू, मनाचा ताण वगैरे परिचित मंडळी. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६ वर १०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३०० वर १९० झाला होता. जगातील सर्वांत बलाढ्य माणसासाठी त्या काळी चांगले औषध नव्हते. आज ते आमच्या झाडूवाल्या मावशींना परवडते. गोळी सुरू होते, दाब उतरतो, आणि बरे वाटले म्हणून गोळी बंद होते. दाब मात्र चढताना आवाज करीत नाही. भाऊंचेही असेच झाले होते, असे वहिनींनी नंतर सांगितले.

मिठाबद्दल चीनमध्ये झालेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसे घेतली. त्यांना पूर्वी झटका येऊन गेलेला होता, किंवा वय साठीच्या पुढे असून दाब वाढलेला होता. निम्म्या खेड्यांना सोडियम कमी करून पाव हिस्सा पोटॅशियम घातलेले मीठ दिले. पाच वर्षांच्या आसपास पाहता त्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना असे मीठ बाधू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते घेऊ नये.

आणि आता तास. २०१५ साली युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील ५ लाख २८ हजारांहून अधिक माणसांचा हिशेब एकत्र केला गेला. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना करता ४९ ते ५४ तास करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका २७ टक्क्यांनी व ५५ किंवा अधिक तास करणाऱ्यांत ३३ टक्क्यांनी जास्त आढळला. ४१ ते ४८ तासांत फरक थोडा दिसला, पण तो निश्चित म्हणण्याजोगा नव्हता. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून काढलेला आकडा ३५ टक्क्यांचा आहे. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २०१६ या एका वर्षी जगात ३ लाख ९८ हजार माणसे ५५ किंवा अधिक तासांच्या कामापायी पक्षाघाताने मेली.

टक्के ऐकून कोणी घाबरू नये आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते भाषणात फुगवूही नयेत. शंभरांतील पस्तिसांना झटका येतो असा याचा अर्थ नाही. समजा, हजारांतील दहांना आला असता, तर आता तेरा-चौदांना येईल. पण ते तीन-चारजण कोणाच्या तरी घरचे असतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली ती १८८४ साली; मिळाली १८९० मध्ये. १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम करारात साऱ्या जगासाठी ४८ तास ठरले, पण हिंदुस्थानासाठी खास कलम घालून ६०! आपल्याकडे ४८ तास कायद्यात आले ते १९४६ साली, कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने. यांपैकी कोणापुढेही चेतापेशींचा हिशेब नव्हता. आज मात्र बारा तास, आणि साप्ताहिक सुट्टीही न घेता, उभा राहणारा रखवालदार आठवड्यास ८४ तास भरतो.

येथे आमच्याच घरची गोष्ट झाकून चालणार नाही. ओव्हरटाइम कमी करा म्हटल्यावर आमच्याशी पहिले भांडण आमचेच सभासद करतात. मूळ पगारात भागत नाही. मुलीची फी ओव्हरटाइमवर जाते. भाऊही त्या महिन्यात डबल पाळ्या करीत होते. त्यांचा झटका त्यामुळेच आला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लाखो माणसांचा हिशेब एका माणसाचे कारण सांगू शकत नाही, आणि रक्तदाबाची बंद केलेली गोळीही होतीच.

दुरुस्तीबद्दलच्या संशोधनाने आमच्या पुष्कळ समजुती मोडल्या. रोग्याला जितक्या लवकर आणि जितके जास्त चालवावे तितके चांगले असे आम्ही मानीत होतो. २०१५ साली २,१०४ रोग्यांच्या प्रयोगात पहिल्या चोवीस तासांतच फार हालचाल करविलेल्यांपैकी ४६ टक्के चांगले सुधारले, बेताबेताने घेतलेल्यांपैकी ५० टक्के. उलट, २००६ च्या एका प्रयोगात तीन ते नऊ महिने उलटलेले रोगी घेऊन, चांगल्या हाताला मोजा घालून तो दोन आठवडे अडकवून ठेवला व अधू हाताकडून रोज तासन्‌तास काम करविले. हात सुधारला. अट एवढीच की मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल उरलेली हवी. मेंदूचे शाबूत भाग गेलेल्या भागाचे काम शिकू शकतात. कष्ट मात्र भरपूर पडतात.

सर्वांत विचार करावयास लावणारा प्रयोग आपल्याच देशातील आहे. १४ रुग्णालयांतील १,२५० रोगी घेऊन निम्म्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम व शुश्रूषा शिकविली. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट थोडे, तेव्हा कुटुंबानेच हे काम करावे ही कल्पना. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेले: शिकविलेल्यांत ४७ टक्के, न शिकविलेल्यांतही ४७ टक्के. आम्हांस वाईट वाटले, कारण वहिनी कोणत्याही प्रयोगाशिवाय हेच करीत होत्या. पहाटे चारला उठून भाऊंचा हात चोळणे, त्यांच्याकडून बोटे मोजून घेणे, मग आठाच्या बसने दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला. हा निकाल त्यांच्या कष्टांना खोटे पाडीत नाही. पण घरची बाई करील म्हणून शिकलेला माणूस न नेमणाऱ्यांना त्यातून आधारही मिळत नाही.

भाऊंच्या बाबतीत नशेत सापडल्याचा मेमो निघाला होता. तो रद्द करून घेण्यास आम्हांस आठ महिने लागले. मग कामगार राज्य विम्याचे कागद. दीर्घ आजारांच्या त्यांच्या यादीत अर्धांगवायू आहे आणि अटी पुऱ्या झाल्या तर नेहमीच्या आजारपणाहून पुष्कळ अधिक काळ भत्ता मिळतो. हे बऱ्याच सभासदांना माहीतच नसते, म्हणून येथे सांगितले. भाऊ आता काठीने चालतात. उजवा हात कोपरापर्यंत उचलतो. शब्द मोजके येतात. अभंग म्हणावयास लागले तर मात्र अख्खे चरण निघतात. असे पुष्कळांत आढळते असे डॉक्टर म्हणाले.

त्या कारखान्याशी झालेल्या पुढील करारात आम्ही तीन कलमे मांडली. कामावर कोणी कोसळला तर साहेबाच्या सहीवाचून गाडी निघावी आणि त्याचे जॉबकार्ड बरोबर जावे. हे मान्य झाले. दर तीन महिन्यांनी कामाच्या वेळात सर्वांचा, कंत्राटी धरून, रक्तदाब मोजावा. हे कायम कामगारांपुरते मान्य झाले. झटका आलेल्यास व्यायामासाठी रोज एक तास भरपगारी सुट्टी आणि हलके काम द्यावे, या तिसऱ्या कलमावर बोलणी अद्याप चालू आहेत.