संगणक-व्यवस्थेचा राखणदार

पिंपरी, भोसरी, चाकण परिसरातील मोठ्या कारखान्यांत सुट्या भागांची मागणी, कामगारांची हजेरी, पगार आणि निर्यातीची कागदपत्रे आज संगणकावरच तयार होतात. हे संगणक, त्यांना जोडणारे जाळे आणि नोंदी साठवणारे सर्व्हर मिळून कंपनीची संगणक-व्यवस्था बनते. बहुराष्ट्रीय कंपनीत ती चालू व सुरक्षित ठेवणारा एक प्रमुख असतो. त्याचे काम नेमके काय, हे विद्यार्थी मित्रांना समजावे म्हणून हा लेखनप्रपंच.

एका घटनेवरून ते चटकन ध्यानात येईल. आपल्या पट्ट्यातील निर्यातीचा बराच माल न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जातो. २७ जून २०१७ रोजी तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती. परंतु संगणक बंद पडले होते. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी संबंधित, आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरचे संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रोग्रामने निकामी केले.

हा प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. विंडोजमधील ज्या उणिवेचा त्याने फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. मात्र दुरुस्त केलेले संगणकही वाचले नाहीत. कारण एका संगणकात सापडलेले पासवर्ड वापरून तो पुढच्या संगणकात शिरत होता.

कोणाला कोणते दार उघडता येईल, याची यादी ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर मर्स्ककडे होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत. त्यामुळे वेगळ्या प्रतीची गरज कोणाला भासली नाही. पण सगळे एकाच जाळ्यात असल्याने एकदमच गेले. वाचला तो घानामधील एकच, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती! त्याची प्रत विमानाने इंग्लंडला नेण्यात आली. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आम्हा बँकेतील लोकांना यातील मर्म सहज कळते. तिजोरी एकट्याच्या किल्लीने उघडत नाही आणि किल्ल्यांचा दुसरा जोड त्याच शाखेत ठेवत नाहीत. सुरक्षा-प्रमुखाचे काम हेच. ज्याला जेवढी गरज तेवढाच अधिकार द्यावा. दुरुस्त्या वेळेवर कराव्यात. जाळ्याचे कप्पे पाडावेत, म्हणजे कार्यालयातील आग कारखान्यात पोहोचत नाही. एक प्रत जाळ्याबाहेर ठेवावी आणि तिच्यावरून व्यवस्था पुन्हा उभी राहते का, याची अधूनमधून तालीम घ्यावी. तालीम न घेतलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

विद्यार्थी मित्रहो, संगणक म्हटला की आपण फक्त प्रोग्राम लिहिण्याचा विचार करतो. राखण्याचे कामही तितकेच मोलाचे आहे. नेटवर्क, लिनक्स आणि सर्व्हरचे शिक्षण घेऊन साध्या तंत्रज्ञाच्या जागेवरूनही त्यात शिरता येते. चोख नोंदी ठेवण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. व्यवस्था बंद पडली की पहिली झळ फाटकाबाहेर खोळंबलेल्या ट्रकचालकाला आणि रोजंदारीवरील कामगाराला बसते. ती राखणारे हात आपल्या वस्तीतूनही पुढे यावेत.