निरोगीपणाची मोजपट्टी

दिग्रस हा अरुणावती नदीच्या परिसरातला कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका असल्यामुळे तेथील गोठ्यातल्या जनावराच्या पोटात काय आहे, हे बऱ्याच अंशी शेतात काय पिकले यावरून ठरते. ज्वारीचा कडबा, तुरीचे व सोयाबीनचे कुटार, वर थोडी सरकीची ढेप असा आहार घेणाऱ्या गाईच्या कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, असंख्य जिवाणू आणि आदिजीव हा चारा आंबवत असतात व त्यातून निघणारी आम्ले गाईला ऊर्जा पुरवतात. निरोगी जनावराच्या कोटीपोटातल्या रसाचा सामू, म्हणजे आम्लता वा अल्कता सांगणारा आकडा, चाऱ्यावरच्या आहारात साधारण ६.२ ते ७.२ असतो. धान्याचे प्रमाण वाढले की तो खाली येतो, आणि सुगीच्या दिवसांत मोकळ्या सुटलेल्या जनावराने ज्वारीच्या राशीत तोंड घातले तर तो ५ च्याही खाली जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. उलट युरिया पोटात गेल्यास अमोनिया साचून तो ७.५ च्या वर चढतो.

हा रस तपासण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. हिरव्या चाऱ्यावर तो हिरवा, वाळल्या चाऱ्यावर पिवळसर तपकिरी दिसतो. त्याला आंबूस नव्हे, तर किंचित सुगंधी वास असतो, आणि एक थेंब काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की लहानमोठे आदिजीव धावपळ करताना दिसतात. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थोडासा अंश रसात मिसळून परीक्षानळी बाजूला ठेवली असता चाऱ्यावरच्या निरोगी जनावरात ३ ते ६ मिनिटांत निळा रंग विरून जातो. तो तसाच राहिला तर आतले जिवाणू मंदावले आहेत असे समजावे. मात्र रस काढण्याची नळी तोंडातून घातली असेल तर लाळ मिसळून सामू खोटा वाढतो, म्हणून सुरुवातीचा रस फेकून द्यावा लागतो आणि उरलेल्याचा सामू गोठ्यातच मोजलेला बरा.

रक्ताचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. गाईत एका घनमिलिमीटर रक्तात ५० लाख ते १ कोटी तांबड्या पेशी आणि ४ ते १२ हजार पांढऱ्या पेशी सर्वसामान्य मानल्या जातात, तर हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, दर १०० मिलिलिटरमागे ८ ते १५ ग्रॅम असते. विदर्भातल्या बेरारी शेळीसह सर्वच शेळ्यांच्या तांबड्या पेशी गाईपेक्षाही लहान असल्याने त्यांची संख्या ८० लाखांपासून १.८ कोटीपर्यंत जाते, आणि हे आजाराचे लक्षण नसून जातीधर्म आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला लामा येथे विशेष उद्बोधक ठरतो. उंटाचा हा भाऊबंद रवंथ करतो, परंतु त्याच्या जठराला चारऐवजी तीनच कप्पे असतात आणि तांबड्या पेशी गोल नसून लंबवर्तुळाकार असतात. गाईच्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट या प्रकाराचे प्राबल्य असते, लामात मात्र बहुधा न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी अधिक असतात आणि एकूण पांढऱ्या पेशींची संख्या २० हजारांच्या आसपासही जाऊ शकते. गाईच्या तक्त्याने पाहणाऱ्याला हा निरोगी लामा सहज संसर्गग्रस्त वाटेल. रक्तातली साखर गाईत दर १०० मिलिलिटरमागे ४५ ते ७५ मिलिग्रॅम असते, लामात ती १०० च्या पुढे असणे स्वाभाविक असते, आणि पकडताना तो घाबरला तर ती २०० च्याही वर चढते. बंदिस्त प्राण्यांत हा भीतीचा भाग नेहमीच हिशेबात धरावा लागतो.

‘सामान्य’ या शब्दाने येथे कोणताही निसर्गनियम सुचवलेला नसतो. निरोगी प्राण्यांचा एक समूह तपासून त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा ठरवली जाते, म्हणजे शंभरांतले पाच निरोगी प्राणी मुळातच मर्यादेबाहेर असतात. शिवाय एकाच जनावराच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर एखादा आकडा तरी बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. असा तक्ता नीट बनवण्यासाठी किमान १२० प्राणी असावेत असे मानले जाते, आणि प्राणिसंग्रहालयातल्या मूठभर लामांवरून ती अट पुरी होत नाही.

विदर्भाला उंटकुळाचा प्रश्न परका नाही. कच्छच्या रबारी पशुपालकांचे उंट आणि मेंढ्या या भागात दीर्घकाळ फिरत आल्या आहेत, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे ५८ उंट अमरावती जिल्ह्यात ताब्यात घेतले जाऊन गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. झाडपाला खुडत फिरणारा उंट एका जागी कापलेल्या चाऱ्यावर आला की त्याच्या जठरातल्या रसाचे घटक बदलणारच, आणि अशा वेळी त्याचे रक्त वा रस गाईच्या तक्त्याशी ताडून पाहणे चूक ठरते. उंटासाठी तुलनेचा आधार बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रासारख्या संस्थांच्या कामात शोधावा लागतो, आणि तेथेही राजस्थानच्या वाळवंटातल्या झुडपांवर वाढलेल्या उंटाचा आकडा वऱ्हाडच्या बाभळीवर जगणाऱ्या उंटाला लावताना नमुन्यासोबत चाऱ्याचीही नोंद असणे आवश्यक असते.