घरामागच्या शेडपर्यंत लाइट आणि इंटरनेट: चर एकदाच खणा



मसाला कांडप, शेवया, शिलाई, पॅकिंग... घरगुती धंदा वाढला की घराच्या मागे पत्र्याचं शेड उभं राहतं. मशीनची कोटेशनं तीन ठिकाणांहून येतात, कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेडचा पत्रासुद्धा मोजलेला असतो. पण घरातून शेडपर्यंत लाइट कशी न्यायची, याची त्यात एक ओळही नसते. मग मशीन दारात येऊन पडतं आणि वायरमन घरातल्या बोर्डातून अडीच एमएमची वायर काढतो, तारेला बांधतो आणि आंब्याच्या फांदीवरून शेडवर टाकतो. पहिल्या वादळापर्यंत चालतं.

केबल जमिनीखालून न्यायची हे एकदा ठरलं, की पहिला प्रश्न खोलीचा नाही, जाडीचा आहे. आणि तिथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. हिशोब करून बघू.

समजा शेड ४० मीटरवर आहे, म्हणजे साधारण १३० फूट. करंट जातो आणि परत येतो, म्हणून वायर धरायची ८० मीटर. तांब्याच्या अडीच एमएम वायरचा रेझिस्टन्स एका किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. ८० मीटरला झाला साधारण ०.६ ओहम. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना १० अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे वाटेत ६ व्होल्ट गेले. यात काय बिघडलं, असं वाटेल. पण हीच मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. ६० अँपिअर धरा. आता वाटेत ३५ व्होल्टपर्यंत जातात! तुमच्याकडे संध्याकाळी घरातच २०५ व्होल्ट असतील, तर मोटरच्या तोंडाशी उरले १७०. मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे सुरुवातीची ताकद जवळपास निम्मी. कांडप यंत्र नुसतं गुणगुणतं, फिरत नाही, आणि वाइंडिंग तापत राहतं. मग आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो की मोटर हलकी दिली.

हीच वायर सहा एमएमची घेतली तर सुरुवातीचा तोटा १५ व्होल्टवर येतो. आणि एक गंमत: दहा एमएम अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स सहा एमएम तांब्याएवढाच असतो, किलोमीटरला ३.०८ ओहम. खिशाला अॅल्युमिनियम परवडतं. फक्त टोकाला योग्य लग क्रिंप करून घ्या. तांब्याच्या पट्टीवर अॅल्युमिनियमची वायर नुसती गुंडाळून आवळली, तर तो जोड वर्ष-दोन वर्षांत जळका वास देणार.

पुढच्या दोन वर्षांत दुसरं मशीन येणार असेल तर केबल आजच त्या हिशोबाने घ्या. वायर थोडी महाग पडते, पण चर दुसऱ्यांदा खणणं त्याहून महाग.

आता चर. घरात वापरायची साधी वायर पाइपात घालून पुरायची नाही. आर्मर्ड केबलच घ्यायची, म्हणजे आत लोखंडी तारांचं चिलखत असलेली. भारतीय मानकात या व्होल्टेजच्या केबलसाठी ७५ सेंटिमीटर खोली सांगितली आहे, म्हणजे अडीच फूट. चर एक फूट रुंद धरला तर १३० फुटांना सव्वातीन ब्रास माती निघते. हे आकडे पाठ ठेवा, कारण मजूर दीड फुटावर मुरूम लागला की "साहेब, बास झालं" म्हणतात. बास झालेलं नसतं. पुढे कधीतरी कुणी कढीपत्ता लावायला पहार मारणारच आहे.

तळाला तीन इंच वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटांची रांग, थोडी माती, मग धोक्याची रंगीत पट्टी, आणि शेवटी भराव. काळी माती असेल तर केबल ताणून टाकू नका. ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. केबल किंचित नागमोडी असू द्या, दोन्ही टोकांना एक-एक वेटोळं जास्तीचं ठेवा. टेम्पो जिथून आत येतो, तेवढ्या भागात केबल जाड पाइपातून न्या. मधे जोड नको म्हणजे नकोच.

चर उघडाच आहे, तर त्यातच इंटरनेट न्या. बिलिंग, कॅमेरे, ऑनलाइन ऑर्डर, सगळं आता शेडमध्येच लागतं आणि पत्रा वायफाय अडवतो. मात्र लाइटच्या केबलपासून फूटभर अंतरावर, वेगळ्या पाइपात. कॅट सिक्स केबल १०० मीटरपर्यंत चालते हे खरं, पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये माझं मत फायबरकडेच आहे. जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेतून झटका राउटरपर्यंत पोचतो. धातू नसलेल्या फायबरमधून तो जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवायचा, शेडमध्ये छोटा स्विच, त्यावर कॅमेरे. फायबर काटकोनात मोडू नका. आणि पाइपात एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा, पुढे अजून काही ओढायला उपयोगी पडते.

शेडमध्ये स्वतंत्र मेन स्विच, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. ओल्या फरशीवर हात ओले ठेवून काम करणाऱ्या बायका असतात, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. शेडला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा करा आणि केबलचं चिलखत ग्लँडने पक्कं करून अर्थला जोडा. चर तुम्ही उभं राहून खणून घ्या, पण जोडणी आणि टेस्टिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच. टेस्ट रिपोर्ट मागा.

मीटरचंही बोला. घराच्या मीटरवर शेड जोडण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन मंजूर भार आणि वापराचा प्रकार तपासून घ्या. ज्या कामासाठी कनेक्शन मंजूर आहे त्यापेक्षा वेगळा वापर सापडला, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वर्षभराचा नफा एका बिलात जाऊ शकतो.

भराव टाकण्याआधी चराला टेप लावून फोटो काढा: भिंतीपासून किती फूट, वळण कुठे, खोली किती. एक प्रिंट मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. उद्या बोअर मारायला गाडी आली, तर ड्रायव्हरला दाखवायला तो कागदच कामाला येईल.