घरातला मुलगा आणि त्याची भाषा

मराठी रंगभूमीवर पुरुषाने लुगडे नेसणे आपल्या आजोबा-पणजोबांना नवे नव्हते. बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिका पाहायला माणसे गर्दी करीत. पण ती नटाची भूमिका होती. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाचे मन आपल्या नाटक-सिनेमात बोलू लागले ते बरेच पुढे. ते कुणाच्या तोंडून बोलले, हे तीन कलाकृतींतून पाहू.

चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात बोलते ती आई. मुलाची डायरी तिच्या हाती पडते आणि तो समलिंगी असल्याचे तिला कळते. मंचावर एकटी आईच असल्याने प्रेक्षकही नकळत तिच्या जागी बसतो. तिने पचवायचे ते त्यालाही पचवावे लागते.

हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’ (२०१६) या हिंदी चित्रपटाचा नायक आपल्याला अधिक जवळचा आहे. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि कवी होते. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणारे, आपल्यासारखेच. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये दिला होता. तरीही २०१० च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण झाले आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली; पण काही दिवसांतच ते राहत्या खोलीत मृतावस्थेत आढळले. मनोज वाजपेयींनी रंगवलेले सिरस रात्री एकटे लताबाईंची गाणी ऐकत बसतात. एका छोट्या इंग्रजी शब्दात आपले मन कसे मावेल, असा त्यांचा प्रश्न आहे. इथे माणूस स्वतः बोलतो, पण ऐकायला घरचे कुणी नाही.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. तिथे बालमित्र बाळ्याशी त्याची जवळीक वाढते. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. आईला मात्र मुलाचे मन ठाऊक आहे. ‘एक माधवबाग’मधली आई आणि ‘अलीगढ’मधला एकटा माणूस जणू इथे एका घरात येतात.

अशा माणसांना हिणवायला आपल्या बोलीत शब्द पुष्कळ आहेत; मायेने बोलायला फार थोडे. ‘समलिंगी’ हा शब्दही पुस्तकातच राहतो. म्हणूनच आईचे समजून घेणे इतके मोलाचे ठरते. सणासुदीला चार माणसांत ‘लग्न कधी करतोस?’ हा प्रश्न आपणही सहज टाकतो. तो विचारल्यावर एखादा मुलगा गप्प झाला, तर पुन्हा विचारू नये. त्याला बोलावेसे वाटेल, असे आपले घर असावे.