परसात सहा कोंबड्या : हौस आणि हिशेब

मैत्रिणींनो, अंडी आणायला पिशवी घेऊन दुकानात जाताना "दोन-चार कोंबड्या आपल्याच परसात असत्या तर!" असं तुमच्या मनात कधी ना कधी आलंच असेल. निर्मळ, नंदाखाल, आगाशी, भुईगाव या बाजूला जिचं बालपण गेलं, तिला तर यात नवल काहीच नाही. केळीची नि फुलांची वाडी, वाडीत विहीर आणि मागच्या दाराशी खुराडं, हा वसईकडच्या जुन्या घरांचा ठरलेला थाट. वाडीचा पैसा घरखर्चात जायचा. अंड्यांचे चार पैसे मात्र बहुधा घरातल्या बाईच्या गाठीला राहायचे.

आता दिवस बदलले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. तरीही बैठ्या घराभोवती थोडं अंगण राखून असलेल्या पुष्कळजणी आपल्यात आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. फ्लॅटच्या गॅलरीत कोंबड्या पाळायच्या फंदात मात्र पडू नका. ना कोंबड्यांना सुख, ना शेजाऱ्यांना.

एक गोष्ट आधीच सांगते. कोंबड्यांत नुकसान होतं ते बहुतेक वेळा पहिलं अंडं मिळायच्या आतच. कधी मुंगूस नेतं, कधी पाऊस नेतो, कधी मानमोडी नेते. म्हणून पहिल्या खेपेला सहाच कोंबड्या घ्या, आणि त्या घरात येण्यापूर्वी सगळी तयारी करून ठेवा.

आधी खुराडं, मग कोंबडी

पुष्कळदा होतं उलटंच. बाजारात पिल्लं गोड दिसतात म्हणून आणली जातात आणि मग खोक्यात ठेवून खुराड्याची शोधाशोध सुरू होते. तसं करू नका.

सहा कोंबड्यांना रात्री निजायला चार फूट लांब, तीन फूट रुंद एवढी जागा पुरते. म्हणजे दर कोंबडीला दोन चौरस फूट. उंची इतकी ठेवा की तुम्हाला आत वाकून झाडता येईल. दिवसा फिरायला अंगण हवंच.

आपल्याकडे मुख्य शत्रू पावसाचं पाणी. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार भागात किती दिवस पाणी साचून होतं ते आठवा. जमिनीवरचं खुराडं अशा वेळी एका रात्रीत बुडतं. म्हणून ते विटांच्या किंवा सिमेंटच्या पायांवर जमिनीपासून किमान दोन फूट उचला. तुमच्या अंगणात पाणी त्याहून चढत असेल तर आणखी उंच. पाऊस नैऋत्येकडून मारतो, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजू बंद ठेवा, पूर्वेला जाळी लावा. छपराला मंगलोरी कौलं उत्तम. पत्राच असेल तर उन्हाळ्यात त्यावर माडाच्या झावळ्या टाका. छप्पर भिंतीबाहेर दोन फूट तरी आलेलं असावं.

दुसरे शत्रू मुंगूस, घूस, भटकी कुत्री आणि साप. कोंबड्यांची म्हणून मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कुत्रं सहज फाडतं. थोडे पैसे जास्त गेले तरी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड वेल्डची जाळी घ्या. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा किंवा कुलूप हवं. आणि दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घ्यायच्या, हा नेम कधी चुकवायचा नाही. दिवसा पिल्लांवर घारीचा डोळा असतो, तेव्हा ती लहान असेतो वरही जाळी हवी.

आत बसायला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आडवा बांबू बांधा, दर कोंबडीला आठ इंच या मापाने. अंडी घालायला एक फूट लांबी-रुंदीची दोन खोकी पेंढा घालून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा. ते ओलं झालं की लगेच बदला. ओल्या तुसातच रक्ती हगवण वाढते.

कोणत्या कोंबड्या घ्याव्यात?

आपली गावठी कोंबडी काटक. स्वतःचं पोट स्वतः भरते, खुडूक बसते, एकवीस दिवसांत पिल्लं काढते आणि ती वाढवतेही. पण वर्षाला अंडी साधारण पन्नास-साठच. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी म्हणून तयार केलेल्या जातींत 'वनराज' शंभर-एक अंडी देते, तर 'ग्रामप्रिया' नीट सांभाळली तर दीडशेच्या वर जाते. या जाती सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणजे पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात. झाबुआच्या काळ्या कडकनाथचा हल्ली फार बोलबाला आहे. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नवखीने अंड्यांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. अंडी थोडी आणि पिल्लं महाग.

पिल्लांची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, डहाणू तालुक्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथेही सल्ला मिळतो. जाण्यापूर्वी फोन करून विचारलं म्हणजे खेप फुकट जात नाही. रस्त्यावर टोपलीत लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात ती मात्र मुलांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नका. ते बहुधा अंड्यांच्या जातीचे, उबवणी केंद्रांनी टाकून दिलेले नर असतात. त्यांना लस नाही, ऊब नाही. पुष्कळशी चार दिवसांत मरतात आणि मुलं रडतात.

पहिल्या खेपेला एका दिवसाची पिल्लं घेण्यापेक्षा महिना-सवा महिन्याची, लसी झालेली पिल्लं घ्यावीत. थोडी महाग पडतात, पण सर्वांत नाजूक दिवस सरलेले असतात. एका दिवसाच्याच घेतल्या, तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. त्यासाठी जुना पिवळा तारेचा बल्ब हवा, एलईडी ऊब देत नाही. पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि दूर पळून चोची उघडून धापत असतील तर उकडतं आहे. पिल्लं स्वतःच सांगतात, आपण फक्त बघायचं.

सुरुवात दिवाळीनंतर करा. नोव्हेंबरात महिन्याची असलेली ग्रामप्रियाची पिल्लं मार्च-एप्रिलच्या सुमाराला अंड्यावर येतात. पावसाच्या तोंडावर लहान पिल्लं आणणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

आणि हो, अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही बरं का! पुष्कळजणींना हे खरं वाटत नाही. कोंबडा लागतो तो पिल्लं काढायची असतील तर. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही" हे खरं. पण पहाटे चारला आरवणारा कोंबडा नसला की शेजारी तरी सुखाने झोपतात. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं कठीण, म्हणून सहा कोंबड्या हव्या तर बारा पिल्लं घ्या. नर वाढले की विका.

खाणंपिणं आणि खरा हिशेब

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खाते. म्हणजे सहा कोंबड्यांना महिन्याला २० किलो ७०० ग्रॅम. ग्रामप्रियाची वर्षाला दर कोंबडी १६० अंडी धरली, तर सहा कोंबड्यांची महिन्याला ८० होतात. भागाकार केलात तर एका अंड्यामागे सुमारे २६० ग्रॅम खाद्य. थोडक्यात, खाद्याच्या एका किलोच्या भावाला चाराने भागा, तो तुमच्या अंड्याचा खर्च. भाव चाळीस रुपये किलो धरला तर दहा रुपये! दुकानातलं साधं अंडं याहून स्वस्त पडेल.

घाबरू नका. परसातल्या कोंबडीचा फायदा इथेच तर आहे. वाडीतले किडे, कोवळं गवत, भाजीची देठं, निवडलेल्या तांदळाची कणी, उरलेला भात-भाकरी यांवर तिचं निम्मं पोट भरू शकतं. मग विकतचं खाद्य दर कोंबडीला ७० ग्रॅमवर येतं आणि अंड्यामागचा खर्च दहावरून सव्वासहा रुपयांच्या आसपास उतरतो. ही सत्तर ग्रॅमची वाटणी संध्याकाळी खुराड्यात द्या, म्हणजे कोंबड्या आपण होऊन घरी येतात.

अंड्याचं कवच पातळ होऊ लागलं तर चुना कमी पडतो आहे असं समजा. शिंपल्यांचा जाडसर चुरा वाटीत वेगळा ठेवा. आपल्याला किनारा जवळ, तेव्हा शिंपल्यांना तोटा नाही. अंड्याची टरफलं भाजून कुटून घातली तरी चालतात. जवळा-सुकट पौष्टिक खरी, पण खारवलेली सुकी मासळी नको. लोणचं, पापड, खारट उष्टंही नको. बुरशी आलेलं धान्य तर मुळीच नको. 'कोंबड्या खातील' म्हणून टाकलेली बुरशीची कणी सगळ्या सहा कोंबड्या मारू शकते. पाणी दिवसातून दोनदा ताजं भरा. कोंबडीला पाव लीटर पाणी रोज लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

आजार : इथे हयगय नको

राणीखेत, म्हणजे आपण जिला मानमोडी म्हणतो, ती आली की मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, पुढे दीड-दोन महिन्यांनी देवीची आणि त्यानंतर राणीखेतची टोचायची लस, असा साधारण क्रम असतो. नेमक्या तारखा पशुवैद्यकांकडून लिहून घ्या नि कॅलेंडरवर मांडा. पिल्लं विकत घेताना कोणत्या लसी झाल्या तेही लिहूनच मागा. 'सगळ्या झाल्यात' या तोंडी उत्तरावर जाऊ नका. नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी ठेवा.

बर्ड फ्लूचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. भारतात तो पहिल्यांदा आढळला तो २००६ साली, आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात आणि पाठोपाठ आपल्या वसई-विरार भागातही आढळला. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, कापून खाऊ नका, नाल्यात-खाडीत फेकू नका. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 'आपल्या कोंबड्या नेतील' या भीतीने गप्प राहणं आपल्या मुलाबाळांच्या आणि शेजारच्या दहा घरांच्या जिवाशी खेळणं आहे.

एरवीही खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवायचे, खुराड्याच्या चपला बाहेर ठेवायच्या, लहानग्यांना कोंबडीचे मुके घेऊ द्यायचे नाहीत. अंडी धुऊन ठेवू नका, लवकर खराब होतात. कोरड्या फडक्याने पुसून ठेवा आणि फोडण्यापूर्वी धुवा. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना अंडं पूर्ण शिजवूनच द्या.

ठरवून टाकायच्या दोन-तीन गोष्टी

शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात नियम विचारून घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकांचीही परवानगी हवी. विष्ठा रोज काढून सुक्या पाल्याबरोबर खड्ड्यात टाका. ताजी घातली तर रोपांची मुळं जळतात. तीन-चार महिने कुजली की केळी-मोगऱ्याला तिच्यासारखं खत नाही. वास आला नाही की तक्रार येत नाही, आणि अधूनमधून चार अंडी कुंपणापलीकडे गेली की उरलेली कुरकुरही थांबते.

माहेरी चार दिवस गेलात तर कोंबड्या कोण आत घेणार? घरातल्या कुणी तरी ही जबाबदारी आधीच घेतली पाहिजे. नाही तर 'तुझी हौस, तूच बघ' हे ऐकण्याची तयारी ठेवा.

आणि शेवटची, जरा कठीण गोष्ट. दोन-अडीच वर्षांनंतर अंडी कमी होतात, खाणं मात्र तेवढंच राहतं. मग ती कोंबडी विकायची, सणाला रांधायची की म्हातारपणी पोसायची? हे पहिल्या दिवशीच घरात बोलून ठरवा. मुलांनी नावं ठेवल्यावर हा प्रश्न फार अवघड होऊन बसतो.

एक वही करा. डावीकडे खाद्य, लस, तूस यांचा खर्च. उजवीकडे रोजची अंडी, घरात लागलेली नि विकलेली. वर्षभराने वही सांगेल की सहाच्या दहा करायच्या की सहावरच थांबायचं. हौस म्हणून कोंबड्या कुणीही आणील. पण त्या हौशीचे पैसे स्वतःच्या हातात राहायला हवेत, तर ही वही एक दिवसही कोरी राहता कामा नये.