तांबड्या-काळ्या प्याल्यातला विषारी वायू

शीव कोळीवाड्यापासून धारावीचा कुंभारवाडा फार लांब नाही. तिथल्या भट्ट्यांतून निघणारे माठ आणि पणत्या तांबड्या का दिसतात? मातीतल्या लोहाला भट्टीत भरपूर प्राणवायू मिळतो म्हणून. याच लोहाकडून अथेन्सच्या कुंभारांनी अडीच हजार वर्षांपूर्वी एकाच भांड्यावर दोन रंग मिळवले होते.

बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचा असा एक प्याला आहे. त्यावर अकिलीस हा योद्धा जखमी पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतो आहे. पॅट्रोक्लसने तोंड फिरवले आहे, वेदनेने त्याचे दात दिसत आहेत. आकृत्या तांबड्या, मागची बाजू चकचकीत काळी.

हा काळा रंग म्हणजे अगदी बारीक गाळलेल्या मातीचा लेप. भट्टी तापली की हवेची भोके बंद करून ओली लाकडे टाकत. जळण अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होई. हा वायू लोहाकडचा प्राणवायू ओढून घेई आणि सगळे भांडे काळे पडे. मग भोके उघडत. उघडी माती पुन्हा तांबडी होई; लेप मात्र काचेसारखा घट्ट झाल्याने काळाच राही.

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोह असते आणि तेच प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझर किंवा दारे लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, म्हणजे भोके बुजवलेली भट्टीच.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही पहिली लक्षणे. घरातल्या अनेकांना ती एकाच वेळी झाली, तर ‘पित्त झाले’ म्हणून झोपू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नये. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो. दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणून लगेच रुग्णालयात न्यावे आणि गिझर किंवा शेगडी चालू होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा वायू रक्तातून लवकर बाहेर पडतो.

गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. अथेन्सचा कुंभार भोके बंद करी, पण ती वेळेवर उघडायलाही विसरत नसे.