इंजिनाची गाळणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मोटारीच्या गप्पा निघाल्या की त्या वेगावर जातात, अॅव्हरेजवर जातात, फार तर रंगावर आणि सीटकव्हरवर जातात. ऑईल फिल्टरचं नाव कुणी काढत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात त्याची एक ओळ असते, आणि बिल देताना आपली नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. आज त्या एका ओळीबद्दल थोडं बोलू या. उदाहरणाला मी एक स्पोर्ट्‌स कार घेतली आहे. तुमच्या-माझ्या गाडीत जे काम निवांतपणे चालतं, ते अशा गाडीत दमछाक होईपर्यंत चालतं. त्यामुळे चांगल्या-वाईटातला फरक तिथे लवकर दिसतो.

ही गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोनच माणसांची बसायची सोय, उघडता येणारं छत, पुढे १६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. २०१६ साली या गाड्यांचं उत्पादन दहा लाखांवर गेलं. दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये सर्वाधिक खपाचा विक्रम तिच्याच नावावर आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात तिच्या जुन्या गाड्या सामान्य नोकरदारालाही परवडतात, आणि तिकडे गॅरेजची मजुरी महाग असल्यामुळे मालक तेल आणि फिल्टर घरीच बदलतात. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांपैकीही एखाद्याच्या दारात ती उभी असेल. म्हणून तिचा फिल्टर निवडायचा कसा आणि बसवायचा कसा, हे पाहू या.

आधी फिल्टरला एवढं महत्त्व का, ते समजून घेऊ. या गाडीचं इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त. एवढ्या वेगानं फिरणारी क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगवर टेकून फिरत नाही. दोघांमध्ये तेलाचा एक पातळ थर असतो आणि त्या थरावर ती तरंगते. जोराच्या कामात हा थर काही मायक्रॉन एवढाच उरतो. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज करा. आता तेलात धातूचा कीस, काजळी, धूळ असं काही मिसळलं, तर मोठा कण एक वेळ बाहेरच अडतो. पण पाच ते वीस मायक्रॉनचा कण नेमका त्या फटीत शिरतो आणि सहाणेसारखा घासत राहतो. डोळ्यांना न दिसणारा हाच कण इंजिनाचं आयुष्य कमी करतो. त्याला वाटेतच अडवायचं काम फिल्टरचं.

फिल्टर बाहेरून पत्र्याच्या डब्यासारखा दिसतो. आत मात्र बऱ्याच गोष्टी असतात. पंख्यासारख्या घड्या घातलेला गाळण-कागद असतो. घड्यांमुळे थोड्या जागेत पुष्कळ कागद मावतो. कडेच्या लहान भोकांतून तेल आत येतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या, आट्यांच्या भोकातून इंजिनाकडे जातं. तोंडाशी रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल मागे ओघळून जाऊ नये, यासाठी ती. ही चकती कडक झाली की फिल्टर रात्रभरात रिकामा होतो आणि सकाळी इंजिन चालू करताना पहिले काही क्षण बेअरिंग तेलावाचून फिरतात. सकाळी ऐकू येणारी ती क्षणभराची खडखड पुष्कळदा यामुळेच असते. एमएक्स-५च्या पहिल्या पिढ्यांत फिल्टर इंजिनाच्या कुशीला बसवलेला आहे. अशा जागी या चकतीचं महत्त्व आणखी वाढतं. सिलिकॉनची चकती साध्या रबरापेक्षा उष्णतेत जास्त काळ मऊ राहते. दुकानात फिल्टरच्या भोकातून आत पाहिलं की ती दिसते. सिलिकॉनची बहुधा नारिंगी किंवा तांबडी असते, साध्या रबराची काळी.

आणखी एक भाग म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. थंडीत तेल घट्ट असतं, किंवा कागद घाणीनं भरून जातो. अशा वेळी तेल कागदातून जाईना, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल सरळ इंजिनाकडे जातं. तेलच न मिळण्यापेक्षा अस्वच्छ तेल परवडलं, हा त्यामागचा हिशेब. तो किती दाबाला उघडावा, हे इंजिन बनवणारा ठरवतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरऐवजी इंजिनाच्या अंगातच असतो. तेलाच्या पंपावर दाब मर्यादेत ठेवणारा एक वेगळा व्हॉल्व्ह असतो. पुष्कळ लोक या दोहोंची गल्लत करतात. पंपाचा व्हॉल्व्ह सगळ्या इंजिनाचा दाब सांभाळतो, फिल्टरचा व्हॉल्व्ह फक्त कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक पाहतो.

आता निवड. पहिली गोष्ट आटे. जुन्या एमएक्स-५च्या फिल्टरचे आटे २० मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे आहेत. कित्येक अमेरिकन गाड्यांचे आटे पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे असतात. डब्यांचे आकार सारखेच दिसतात. पाऊण इंची फिल्टर २० मिलिमीटरच्या नळीवर चढतच नाही, तिथे प्रश्न मिटला. धोका उलट प्रकारात आहे. २० मिलिमीटरचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे एकमेकांना नीट धरत नाहीत. इंजिन चालू होऊन तेलाचा दाब आला की तो निसटू शकतो. तेव्हा ‘बसला म्हणजे बरोबर’ हा नियम इथे चालत नाही. गाडीचं मॉडेल, इंजिन आणि उत्पादनाचं वर्ष यांवरूनच फिल्टरचा नंबर ठरवावा.

दुसरी गोष्ट गॅस्केटची, म्हणजे तोंडाच्या रबरी कड्याची. तिचा व्यास इंजिनावरच्या सपाट बैठकीवर पूर्ण बसला पाहिजे. तिसरी गोष्ट बायपासचा दाब. कंपनीनं सांगितलेल्या आकड्याच्या आसपास असलेलाच फिल्टर घ्यावा. चौथी गोष्ट कागद. साधा सेल्युलोजचा कागद स्वस्त पडतो आणि वेळच्या वेळी बदलला तर रोजच्या वापराला पुरतो. काचतंतूंचा, म्हणजे सिंथेटिक कागद बारीक कण जास्त अडवतो आणि तेलाला विरोधही कमी करतो. खोक्यावर नुसतं ‘९९ टक्के’ असं छापलेलं असेल तर पुढचा प्रश्न विचारावा: ९९ टक्के कण, पण किती मायक्रॉनचे? वीस मायक्रॉनला ९९ टक्के आणि चाळीस मायक्रॉनला ९९ टक्के यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. या चाचणीसाठी आयएसओ ४५४८-१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा उल्लेख असेल तर आकड्याला अर्थ येतो. नाही तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

एमएक्स-५चे काही मालक त्याच आट्यांचा पण लांब डब्याचा फिल्टर लावतात. कागद जास्त, म्हणून घाण साठवायची ताकद जास्त. कल्पना चांगली आहे. पण तो शेजारच्या भागाला घासत नाही ना आणि रस्त्यावरचा दगड लागेल इतका खाली लोंबत नाही ना, हे पाहावं. आपल्याकडे आणखी एक दक्षता हवी. बाजारात नामवंत कंपन्यांच्या खोक्यांत नकली फिल्टर विकले जातात. बाहेरून ओळखणं कठीण असतं. म्हणून खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊनच घ्यावा.

आता बसवणं. इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करावं. तेल पातळ होऊन घाणीसकट बाहेर येतं. फार तापवू नये, हात भाजतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या लावलेल्या. उचलायची असेल तर जॅकनं उचलून पक्क्या स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा शिरू नये. जॅक सरकून माणसं दगावली आहेत.

तेल भरायचं झाकण उघडावं, खाली भांडं ठेवून चेंबरचा नट काढावा. तेल निथळलं की नट नव्या वायसरसह परत लावावा. मग फिल्टर. एमएक्स-५च्या पहिल्या पिढ्यांत तो इनटेक मॅनिफोल्डखाली अशा अडचणीत आहे की हात घालायला कोपर वाकडं करावं लागतं. काढताना तेल सांडणारच. खाली जुनं फडकं आधीच पसरून ठेवावं.

यानंतरचं काम अर्ध्या मिनिटाचं, पण सगळ्यात मोलाचं. काढलेल्या फिल्टरच्या तोंडाकडे पाहावं. रबरी कडी त्याच्यासोबत आली आहे का? कधी कधी ती इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला तर एकावर एक दोन कड्या होतात. सुरुवातीला काही कळत नाही. मग वेग वाढतो, दाब वाढतो, वरची कडी सरकते आणि तीन-साडेतीन लिटर तेल बघता बघता रस्त्यावर येतं. चालकाला दिसतो तो फक्त डॅशबोर्डवरचा लाल दिवा. त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं तर वाचलं. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हटलं तर इंजिन जाम झालंच म्हणून समजा. लक्षात ठेवा, तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो पेटला म्हणजे बेअरिंग कोरडी पडू लागलेली असतात.

बैठक स्वच्छ पुसावी. नव्या फिल्टरच्या कडीला बोटानं ताजं तेल लावावं, म्हणजे आवळताना रबर पिळवटत नाही. आटे हातानंच जुळवावे. अडलं तर जोर न करता मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी. कडी बैठकीला टेकली की तिथून पुढे फिल्टरवर लिहिलेल्या फेऱ्या द्याव्या. बहुधा पाऊण ते एक फेरी असते. एवढं हातानं होतं. पाना लावून करकचून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी पत्रा फाटेल पण निघणार नाही. शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांसाठीच्या काही फिल्टरना भोक पाडलेला नट असतो. त्यातून तार ओवून बांधतात, म्हणजे हादऱ्यांनी तो सैल होत नाही.

शर्यतीचा विषय निघाला म्हणून एक खुलासा. लांबलचक वळणावर वेगानं जाताना चेंबरमधलं तेल एका अंगाला चढतं आणि पंप हवा ओढू लागतो. कितीही भारी फिल्टर लावला तरी हा दोष जात नाही. त्यासाठी चेंबरात आडवे पडदे किंवा तेलाची वेगळी टाकी लागते. फिल्टरकडून गाळणीचंच काम अपेक्षित ठेवावं.

तेल भरून इंजिन चालू करावं. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद. अर्धं-एक मिनिट चालवून फिल्टरच्या कडेला आणि नटाला गळती आहे का ते पाहावं, इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक तपासावी. नव्या फिल्टरनं थोडं तेल पिऊन घेतलेलं असतं, तेवढं वर घालावं.

जुना फिल्टर लगेच फेकू नका. तेल निथळू द्या, डबा कापून घडीचा कागद उलगडून पाहा. कापताना करवत वापरू नका, तिचाच कीस आत पडतो. फिल्टर कापायचं चाकाचं हत्यार मिळतं. घड्यांमध्ये थोडी काळी घाण असणारच. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर ते लोखंड-पोलादाचे, न चिकटणारे बेअरिंगच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या भागांचे. असे कण भरपूर असतील तर गाडी जोरात पळवण्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. बेअरिंग या टप्प्यावर बदलली तर खर्च हजारांत भागतो. क्रँकशाफ्ट गेल्यावर तो लाखांत जातो.

आणि ते निथळलेलं तेल? ते गटारात नको, झाडाच्या बुंध्याशी नको, धूळ बसावी म्हणून अंगणात तर नकोच. आपल्याकडच्या कायद्यानुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे तेल पाठवणाऱ्या गॅरेजात द्यावं.

तुमच्या दारातली गाडी स्पोर्ट्‌स कार नसेल. पण तिच्या इंजिनातही क्रँकशाफ्ट तशीच तेलावर तरंगते. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकजवळ पाच मिनिटं उभे राहा. ‘जुनी कडी निघाली का?’ एवढं विचारा आणि काढलेला फिल्टर दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक या प्रश्नानं रागावत नाही.